राजक्का आणि गुडघ्यातलं न्यूझीलंड

फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात भागाकार घेत होते. शाळा नुकतीच उघडली होती, पोरांच्या अंगातून सुट्टी अजून उतरली नव्हती, आणि पंख्याखाली कोणी बसायचं यावरून दोन बाकांत जुंपली होती. टेबलावरचा फोन थरथरला. नाव मल्लेशअण्णांचं. मल्लेशअण्णा म्हणजे राजक्काचे यजमान. चादरींचं छोटं दुकान चालवणारे, फार कमी बोलणारे. फोन करणं त्यांच्या स्वभावातच नाही. काही विचारायचं असेल तर राजक्का फोन लावणार आणि हे मागून ‘विचार की, विचार की’ म्हणणार, अशी त्यांची पद्धत. त्यामुळे नाव दिसताच मी खडू खाली ठेवला. मी बाहेर व्हरांड्यात येऊन ‘बोला अण्णा’ म्हटलं. पलीकडे शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. मग ते म्हणाले, “शोभाताई, शाळा सुटल्यावर या. घाई न्हाय आता...” मी वर्गात परत आले, फळ्यावरचं अर्धवट गणित पूर्ण केलं, पोरांना वही मिटायला सांगितली. उत्तर बरोबर आलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

राजेश्वरी येमूल. शाळेच्या दाखल्यांवर ‘आर. एम. येमूल’, पोरांच्या तोंडी ‘येमूल बाई’, आणि माझ्यासाठी राजक्का. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, तेलुगू विणकरांच्या घरातली, पूर्व भागात जन्मलेली आणि त्याच भागातल्या आमच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेली. मी बार्शीची. लग्न होऊन सोलापुरात आले आणि या शाळेत लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं मला पृथ्वी केलं. गंमत नाही, खरंच केलं. मी स्टाफरूममध्ये डबा उघडत होते, तर ही दारात उभी. “नव्या बाई, रिकाम्या हाव का? एक पृथ्वी कमी पडायलीय.” मला वाटलं नाटक वगैरे बसवत असतील. मागोमाग गेले. तिच्या वर्गाच्या सगळ्या खिडक्यांवर चादरी टांगलेल्या, आत मिट्ट काळोख, मधोमध स्टुलावर एक पिवळा दिवा, आणि भिंतीला चिकटून पन्नासेक पोरं घामानं निथळत बसलेली. त्या दिव्याभोवती मला फिरायचं होतं.

तिचे नियम सगळ्या वर्गाला पाठ होते. शेंडी म्हणजे उत्तर ध्रुव. नाक म्हणजे सोलापूर. बेंबी म्हणजे विषुववृत्त. आणि गुडघा म्हणजे न्यूझीलंड. दिव्याभोवती एक फेरी म्हणजे एक वर्ष. अंग ताठ ठेवायचं नाही, एका बाजूला कलतं ठेवायचं, आणि कल कायम एकाच दिशेला, म्हणजे खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे. इथेच सगळे चुकतात. दिवा समोर असला की माणूस आपोआप दिव्याकडेच झुकतो. मीही झुकले, आणि तशीच मिरवत फिरू लागले. मागून एक चिमुरडी ओरडली, “बाई, मान टाकीकडं! तुमी नुसत्या उन्हाळ्यातच फिरायलाव!” सगळा वर्ग खदाखदा हसला. राजक्का म्हणाली, “फिरू द्या की. बार्शीच्या हायत. आपल्या सोलापुराची सवय व्हायला पायजे का नको?” मग तिनं माझे खांदे धरून मला टाकीकडे कलवलं आणि सावकाश फिरवलं. टाकीच्या विरुद्ध बाजूला पोचले तेव्हा माझी शेंडी दिव्याकडे होती, कपाळ तापलं होतं, आणि गुडघे मागे अंधारात. “हा जून. डोक्याला उन्हाळा, गुडघ्याला थंडी.” अर्धी फेरी झाली, टाकीच्या बाजूला आले, तर डोकं लांब आणि गुडघ्यावर उजेड. “आणि हा डिसेंबर.” मी बी.एस्सी. झालेले होते. ऋतू का होतात हे मी परीक्षेत आकृतीसह लिहून गुण मिळवले होते. पण माझ्या गुडघ्यावर डिसेंबरचं ऊन पडलं त्या दिवशी ते मला पहिल्यांदा कळलं, हे सांगायला मला आज काही वाटत नाही.

तिचं असं होतं, की पुस्तकातलं वाक्य तिला तसंच गिळवत नसे. ‘जगात निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे ऋतू असतात’ हे वाक्य वाचून झालं की ती पुस्तक मिटायची आणि विचारायची, “मग तुमच्या घरात ऋतू कसा कळतो?” पोरं आधी ‘उन्हाळा, पावसाळा, हिवाळा’ असं पाठांतर म्हणायची. ती हात हलवून गप्प करायची. “पुस्तकातला न्हाय. तुमच्या घरातला.” मग हळूहळू खरी उत्तरं यायची. उन्हाळ्यात सूत सारखं तुटतं आणि बाबा चिडतात, असं एका मुलानं सांगितलं होतं. कोरड्या हवेत धागा तुटतो, माग थांबतो, आणि बापाचा पारा चढतो. त्या पोराचा उन्हाळा म्हणजे बापाचा आवाज. एकीनं सांगितलं, थंडी आली की आज्जी माझ्या अंथरुणात येते. कुणी हुरडा सांगितला, कुणी गच्चीवर झोपणं सांगितलं. सगळं ऐकून झालं की राजक्का म्हणायची, “आता सांगा, रशियातल्या पोराच्या घरात कसा कळत असंल?” आणि पोरं विचारात पडायची. त्या गप्प बसलेल्या पोरांकडे बघत ती स्वतः खिडकीत उभी राहायची, पदरानं मान पुसत. उत्तर सांगायची घाई तिला कधीच नव्हती. मला होती, आजही आहे, म्हणून मी गणिताची.

एकदा ऐन मार्चमध्ये तिनं वर्गात बर्फाची लादी आणवली. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ चालवणाऱ्या एका पालकाकडून, गोणपाटात गुंडाळून, भुशात लोळवलेली. मी म्हटलं, “राजक्का, सगळा वर्ग ओला होईल.” ती म्हणाली, “व्हऊ दे की. फरशीबी तापलीय.” पोरांनी रांगेनं येऊन लादीवर तळवे टेकवायचे आणि सहन होईल तेवढा वेळ ठेवायचे. पहिल्या दोघांनी हात ठेवला तो हसत. तिसरी यास्मिन. तिनं हात झटकन ओढला आणि म्हणाली, “बाई, जलतंय!” बस्स. राजक्काला जे हवं होतं ते मिळालं. तिनं खडू टाकून दिला. “ऐकलं का? थंडीबी जाळती. तिकडली पोरं चार-पाच महिने असं जळत्यात. मग त्यांच्याकडं उन्हाळा आला की ती काय करत असतील?” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “नाचत असतील.” सोलापूरच्या पोराला उन्हाळा आला म्हणून कोणी नाचेल ही कल्पनाच करवत नव्हती, सगळ्यांना आधी ते खोटंच वाटलं. पण आपल्याकडे ज्याच्या नावानं बोटं मोडतात त्याची दुसऱ्याच्या घरी वाट बघतात, हे त्या दिवशी त्यांच्या ओल्या हातांना कळलं. पुढे तासभर मी त्या फरशीवरचं पाणी खराट्यानं बाहेर काढत होते आणि ती मला ‘हिवाळा झाडा, हिवाळा झाडा’ म्हणून चिडवत होती.

तिला एकच मुलगी, स्वाती. हुशार, आईसारखीच हट्टी. ती लग्न होऊन गेली ती थेट न्यूझीलंडला, तेही दक्षिण टोकाच्या एका गावात. गाव ठरलं तेव्हा राजक्का दोन दिवस शाळेत कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वर्गात जाऊन म्हणाली, “पोरांनो, आमची पोरगी गुडघ्यात राहायला चालली.” पोरं खूश झाली. त्यांच्या दृष्टीनं बाईंच्या घरात एक जिवंत पुरावा तयार झाला होता. तिकडून फोन आला की दुसऱ्या दिवशी वर्गात बातमीपत्र ठरलेलं : गुडघ्यात आज काय, पानं गळतायत की फुटतायत, अंधार कधी पडतो. मेमध्ये तिकडे पानं गळतात म्हटल्यावर सगळ्यांना हसू फुटायचं.

आणि याच राजक्कानं, जिनं वीस-पंचवीस वर्षं पोरांच्या माना टाकीकडे वळवल्या, तिनं तो प्रसिद्ध घोटाळा केला. स्वाती बाळंत झाली डिसेंबरात. हिला जायचं होतं, पण पासपोर्टमध्ये नावाचा काही गोंधळ निघाला आणि जाणं हुकलं. मग तिनं सगळी माया एका पार्सलमध्ये कोंबली. लोकरीच्या चार टोप्या, पायमोजे, दोन स्वेटर आणि मल्लेशअण्णांनी मुद्दाम विणून घेतलेली बाळाच्या मापाची जाड चादर. स्टाफरूममध्ये महिनाभर ती विणत होती आणि आम्ही सगळ्या शहाण्या तिला रंग सुचवत होतो. एकीच्याही डोक्यात आलं नाही. पार्सल पोचलं, आणि स्वातीचा फोन आला, “आई, अगं इथे उन्हाळा आहे. तिला लंगोटसुद्धा नकोसा झालाय.” राजक्का फोन हातात धरूनच इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि नंतर ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. “शोभा,” ती म्हणाली, “माझी अक्कलबी गुडघ्यातच गेली बघ. डिसेंबर म्हटल्यावर मला नुसतं एवढंच दिसलं, की लेकरू गारठंल.” दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच वर्गात ही गोष्ट सांगितली, नाव न सांगता. एका बाईनं असं असं केलं, तिचं काय चुकलं? पोरांनी चूक चटकन पकडली. एक जण म्हणाला, “ती बाई येडी हाय का?” राजक्का म्हणाली, “येडी न्हाय रे. आई हाय.” पुढे जूनमध्ये तिकडे कडाक्याची थंडी पडली तेव्हा टोप्या बाहेर निघाल्या, पण एकही डोक्यात जाईना. चादर मात्र चालली.

त्या लेकराचं नाव तारा. निवृत्त झाल्यावर राजक्का न्यूझीलंडला जाणार, हे आमच्या शाळेत परीक्षेच्या वेळापत्रकाइतकं पक्कं होतं. तिथे जाऊन काय काय बघायचं ते तिनं पोरांकडूनच ठरवून घेतलं होतं. पण निवृत्तीनंतर वर्षभरातच पाय सुजायला लागले, तपासण्या झाल्या, आणि मूत्रपिंडांनी दगा दिल्याचं कळलं. मंगळवार आणि शुक्रवार, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मंगळवार-शुक्रवारच्या मधल्या दिवसांत माणूस कुर्डुवाडीला जाऊन येईल फार तर, समुद्र ओलांडून कुठे जाणार! बॅग आणून ठेवलेली होती, ती मल्लेशअण्णांनी मुकाट्यानं माळ्यावर टाकली.

पहिल्या महिन्यात मी एका शुक्रवारी तिच्यासोबत गेले होते. हाताला नळ्या लावलेल्या, शेजारी यंत्राचा संथ आवाज, आणि ही छताकडे बघत पडलेली. मला वाटलं दुखत असेल. विचारलं तर म्हणाली, “दुखत न्हाय गं. एक सांगू का... ती मला विसरंल.” कोण, असं मी विचारलं नाही. तारा एकदाच इकडे आली होती, तीन वर्षांची असताना. तेवढ्या वयातलं काय आठवतं कुणाला! राजक्का म्हणाली, “मी पोरं बघितल्यात की शोभा. आमच्या वर्गातली आखाती देशातल्या बापाची पोरं. फोनमधली माणसं पोरं विसरत्यात. वाईट म्हणून न्हाय, पण विसरत्यात. मला मरायचं काय न्हाय, पण त्या पोरीला मी ठाऊक नसताना...” मी काहीतरी समजूत घालणारं बोलले असेन. अशा वेळी आपण जे बोलतो ते कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. पुढच्या मंगळवारपासून तिनं फोन लावायला सुरुवात केली. आपली सकाळ म्हणजे तिकडची दुपार. तारा शाळेतून घरी यायची आणि इकडे राजक्काला नळ्या लागायच्या. चार-चार तास. यंत्र रक्त धूत होतं आणि ही शिकवत होती. ताराला तिनं घरातल्या दिव्याभोवती फिरवलं; तिकडे टाकी नव्हती म्हणून फ्रिजकडे मान ठेवायला लावली. इकडे आंबा आला, हुरडा संपला, तिकडे काय? पोरगी खिडकीत जाऊन बघून येऊन सांगायची. नर्सबाई आधी वैतागल्या, मग स्वतःच फोन उभा ठेवायला उशी द्यायला लागल्या. शेजारच्या खाटेवर दुधनीचे एक म्हातारे शेतकरी असायचे. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच विचारायचे, “बाई, त्या पोरीला इचारा, तितं ज्वारी कवा पेरत्यात?” ताराला ज्वारी माहीत नव्हती. पुढच्या मंगळवारी त्या आजोबांनी घरून मूठभर ज्वारी रुमालात बांधून आणली आणि फोनसमोर धरली. असा तो वर्ग तीन वर्षं चालला. मी कधी गेले की राजक्का मला खुणेनं गप्प बसवायची, तास चालू असताना बाहेरच्या माणसानं बोलायचं नसतं म्हणून.

गेल्या वर्षी जून सरता सरता एक दिवस ती अचानक शाळेत आली. डाव्या हाताला पट्टी, डोक्यावर मल्लेशअण्णांची छत्री, वाळून निम्मी झालेली. मधली सुट्टी नुकतीच झाली होती, साडेबाराचा सुमार. “शोभा, फोन घे. माझा फोटो काढ झेंड्याच्या खांबाशी. सावली आली पायजे.” मी म्हटलं, सावलीचा कसला फोटो? तर तिनं मलाच तास घेतल्यासारखं समजावलं. एरवी वर्षभर भर दुपारी खांबाची सावली उत्तरेला पडते, ऑफिसच्या पायरीकडे. पण मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य आपल्या डोक्यावरून पुढे उत्तरेला सरकलेला असतो, म्हणून तेवढे दिवस सावली दक्षिणेला, मुतारीच्या बाजूला जाते. हे ती पोरांना वर्षानुवर्षं खडूच्या रेघा मारून दाखवत आली होती. आता नवीन एवढंच होतं, की ताराकडे सूर्य बारा महिने उत्तरेलाच असतो, सावली कायम दक्षिणेला. “म्हंजे बघ, हे अडीच महिने आमच्या दोघींच्या सावल्या एका बाजूला पडत्यात. तिची लांबलचक, माझी वीतभर. पण तोंड एकीकडं.” ती छत्री मिटून उन्हात उभी राहिली. तिच्या पायाशी खरंच वीतभर सावली होती, दक्षिणेला. मी फोटो काढला. दोन दिवसांनी तिकडून ताराचा आला. कुंपणाच्या खांबाशी उभी, टोपीत नाक बुडालेलं, आणि मागे गवतावर लांबच लांब सावली. राजक्कानं ते दोन फोटो शेजारी शेजारी लावून मल्लेशअण्णांना दाखवले. ते बघत राहिले आणि म्हणाले, “दोघीबी सारख्याच उभारल्यात की.” तिला त्या वाक्याचा झालेला आनंद मी विसरणार नाही.

यंदाच्या जूनमध्ये ती गेली. मंगळवारीच, डायलिसिसला निघायच्या आधी, चहाचा कप हातात असताना. स्वाती आणि तारा पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. स्वातीच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं. सांत्वनाला माणसांची रीघ, घरात बसायला जागा नाही, आणि त्या सगळ्यात सात वर्षांची तारा एका कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. चौथ्या-पाचव्या दिवशी मी स्वातीला म्हटलं, हिला माझ्याबरोबर शाळेत पाठव. चौथीच्या वर्गात आधीच कुजबूज होती, येमूल बाईंची परदेशातली नात येणार म्हणून. दोघी-तिघींनी इंग्रजीतली वाक्यं घोकून ठेवली होती. तारा दारातून आत आली, घामानं चिंब, गाल लालबुंद. पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहून घोकलेलं वाक्य म्हणाली. तारानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “माझं नाव तारा. लई गरम होतंय की हितं. पाणी कुटं हाय?”

वर्ग हसून लोटपोट झाला. मी मात्र फळ्याकडे तोंड केलं, कारण मला रडू आवरेना. तो नुसता सोलापुरी हेल नव्हता. ‘की’वरचा तो हलका झोका, ‘कुटं’ म्हणताना किंचित वर जाणारा आवाज... हे सगळं राजक्काचं होतं, तिच्या तेलुगू माहेरासकट. संध्याकाळी स्वातीला सांगितलं तर ती म्हणाली, “मावशी, मी कामात असायचे. मराठी ती आईकडूनच शिकली, फोनवर. मी एकदा म्हटलंही, आई, जरा शुद्ध बोल ना तिच्याशी. तर म्हणाली, शुद्ध तू बोल, माझ्याशी तिला माझ्यासारखं बोलू दे.” एवढं बोलून स्वाती पहिल्यांदा मोकळेपणानं रडली, आणि मीही तिच्याबरोबर रडले. फोनमधली माणसं पोरं विसरतात, असं राजक्का म्हणाली होती. राजक्का, इतक्या वर्षांत तुझी एकदाही चूक काढू दिली नाहीस मला. आता काढते. तू चुकलीस.

त्या दोघी परत गेल्या त्याला आता महिना होऊन गेला. जाताना तारानं माझा नंबर मागून घेतला होता. मला वाटलं, पोरखेळ. पण पहिल्याच मंगळवारी मधल्या सुट्टीत फोन वाजला. इकडे साडेबाराचं ऊन, तिकडे रात्रीचं जेवण उरकून पोरगी अंथरुणात. “शोभाआजी, सावली कुटं हाय आज?” मी डबा तसाच ठेवून खांबापर्यंत गेले आणि सांगितलं. तेव्हापासून दर मंगळवारी. ढग असले की ती चिडते, आणि मला उगाच अपराधी वाटतं. सावली आठवड्या-आठवड्याला आखडत चालली होती.

या मंगळवारीही फोन आला. सकाळपासून आभाळ होतं, पण नेमकं त्या वेळेला उघडलं. मी अंगणात गेले, माझ्यामागे चौथीची सगळी पोरं. खांबापाशी पोचले आणि थबकले. सावली नव्हतीच. दक्षिणेला नाही, उत्तरेला नाही, कुठेच नाही. खांब नुसता उन्हात उभा. सूर्य नेमका डोक्यावर आला की असं होतं, हे मला माहीत होतं, पुस्तकात आहे, तरी मी खांबाभोवती फिरून शोधत राहिले. “आजी, बोल की,” तिकडून आवाज. मी म्हटलं, “तारा, आज नाहीये गं. गेली.” मग ती, अगदी वर्गात सांगावं तशी, सावकाश म्हणाली, “गेली न्हाय. आज्जीनं सांगितलंय मला. पायाखाली असती. दोन-चार दिस थांबायचं, मग दुसऱ्या बाजूनं निघती.”

पोरं विचारायला लागली, बाई कोण बोलतंय, बाई कोण. मी फोनचा आवाज मोठा केला आणि हात पुढे धरला. तिकडून तारानं सगळ्यांना खांबाभोवती गोल करायला सांगितलं, आणि सावली खाली हाय, तिच्यावर कुणी पाय द्यायचा न्हाय, असा दम भरला. चौथीची पोरं एकमेकांकडे बघत, हळूच, एक-एक पाऊल मागे सरकली.